काचेवरचा आकडा

१० मे २०२५, शनिवार. ईडन प्रेरी, मिनेसोटा

कंपनीनं नारळ दिला, आणि नारळाबरोबर खडीसाखर म्हणून एक करिअर काउन्सेलरही दिली. दर बुधवारी ती व्हिडिओ कॉलवर येते आणि कुत्र्याच्या पिल्लाशी बोलावं तशा आवाजात माझ्याशी बोलते. तिनं सांगितलंय की मनात येईल ते रोज लिहा, बरं वाटेल. तीस वर्षं आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर होतो. लिहायची सवय आहे, फक्त मनात आलेलं कधी लिहिलं नाही.

मीनाक्षी म्हणाली, "रोज काय लिहिणार आहेस? आज ब्रेकफास्टला पोहे, उद्या उपमा?" बायको म्हणून तिचा हक्क आहे. घडेल तेव्हा लिहीन.

आज घडलं ते असं. अनिकाचा फोन आला. अनिका आमची एकुलती मुलगी, सत्तावीस वर्षांची, मेकॅनिकल इंजिनिअर. गेल्या वर्षी मेडिकल डिव्हाइसमधली चांगली नोकरी सोडून एका मशीन शॉपमध्ये लागली. तिथे दिवसभर लोकांची जुनी इंजिनं उघडून बसते आणि शनिवार-रविवारी ड्रॅग रेसिंग करते. पाव मैल सरळ रस्ता, दोन गाड्या शेजारी शेजारी, पुढे जाईल तो जिंकला. वळण नाही, खाचखळगा नाही. मंडळाच्या कार्यक्रमात कोणी विचारलं की मी "ऑटोमोटिव्हमध्ये आहे" एवढंच सांगतो.

"बाबा, तू आता फ्री आहेस ना? आय नीड क्रू. अर्लला आता उभं राहवत नाही."

"क्रू म्हणजे मी काय करायचं?"

"मी सांगेन ते."

हो म्हणालो. नोकरी गेल्याचं तिनं एका शब्दानं विचारलं नाही, त्याबद्दल मनात आभार मानले.

१७ मे, शनिवार

पहिल्यांदा एल्म फोर्क ड्रॅगवेला गेलो. घरापासून दीड तास उत्तरेला. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, मध्ये ही पट्टी, एक लाकडी टॉवर आणि जळक्या रबराचा वास. कानात बोळे घालूनही छाती हादरत होती.

गाडी अर्लची. अर्ल ब्याऐंशीचा आहे, शेजारच्या गावात ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात जन्म गेला. अनिका कॉलेजात असताना त्याच्या शेडवर गेली आणि तिथेच रमली. गाडी म्हणजे पंचावन्न सालची शेव्ही. दारावर रंगानं लिहिलंय 'मिस लॉरेन'. ते त्याच्या बायकोचं नाव, ती आता नाही. गाडीचं नाक हे एवढं वर. मी म्हटलं, हिचं पुढचं सस्पेन्शन बिघडलंय का? अर्ल खुर्चीत बसून हसत सुटला. त्या काळी टायर कडक, पकडच नसायची. म्हणून पुढून उचलून सगळं वजन मागच्या चाकांवर टाकायचे. नाकावर घमेंड दिसते, पण पाहायला गेलं तर नाइलाज आहे.

माझं काम समजलं. रेसच्या आधी अनिका मागची चाकं जागेवर गरगर फिरवून तापवते. धूर होतो, गाडी थोडी पुढे जाते आणि रस्त्यावर रबराचे दोन काळे पट्टे उमटतात. मग तिला मागे यायचं असतं, बरोबर त्याच पट्ट्यांवरून, कारण पकड तिथेच असते. तिला आतून मागचं काही दिसत नाही. मी समोर उभं राहून हातांनी खुणा करायच्या, डावीकडे, उजवीकडे, बस्स. ती फक्त माझ्या हातांकडे बघते.

लहानपणी सायकल शिकवताना धरून पळायचो, त्यानंतर तिनं माझ्याकडे इतकं लक्ष देऊन पाहिल्याचं मला आठवत नाही.

१८ मे

कान अजून वाजतायत. मीनाक्षी म्हणते, आधीही तुला माझं ऐकू येत नव्हतंच.

७ जून, शनिवार

या खेळाची गंमत आज नीट कळली. सगळ्याच गाड्या सारख्या वेगाच्या नसतात, म्हणून प्रत्येकानं आपली गाडी पाव मैलाला किती सेकंद घेणार ते आधीच बुटांच्या पांढऱ्या पॉलिशनं मागच्या काचेवर लिहायचं. टॉवरमधला माणूस तो आकडा वाचून रस्त्याच्या पलीकडच्या टोकाच्या बोर्डवर लावतो. हळू गाडीला तेवढी आधी सोडतात. पहिला पोचेल तो जिंकला, पण एक अट आहे. लिहिलंय त्याहून लवकर पोचलात तर तुम्ही बाद.

हा खेळ आमच्याच धंद्यातल्या कोणीतरी काढला असणार असं आधी वाटलं. नंतर लक्षात आलं की सगळं उलटं आहे. आमच्याकडे पाच दिवस सांगून तीन दिवसांत काम दिलं की शाबासकी मिळते. इथे तीन दिवसांत दिलंत तर चोर.

अनिका हेल्मेट घालून पट्ट्यांनी आवळून बसली की तिला उतरता येत नाही, म्हणून आकडा मी लिहितो. आज तिनं आतून ओरडून सांगितलं, "११.५५!" मी ११.६५ लिहिलं. दुधानं पोळलेला माणूस मी, ताकही फुंकून पितो. तीस वर्षांत एकही एस्टिमेट बफर, म्हणजे थोडा जास्तीचा वेळ, घातल्याशिवाय दिलं नाही. गाडी सत्तर वर्षांची. जरा मोकळा आकडा असला तर पोरीला जीव तोडून पळवावी लागणार नाही.

आणि जिंकली! शेवटच्या टप्प्यात तिनं अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि लिहिल्याच्या जरासं मागे, आरामात पोचली.

परत आली. हेल्मेट काढलं, केस कपाळाला चिकटलेले.

"बाबा, मी काय सांगितलं होतं?"

"५५."

"तू काय लिहिलंस?"

मी बफर समजावून सांगितला. जिंकलीस ना शेवटी?

"मला पलीकडच्या बोर्डवर ६५ दिसला म्हणून मी पाय काढला. आय हॅड टू. बाबा, इट वॉज अ परफेक्ट रन. ५५ च आलं असतं. इट्स माय नंबर, ओके? मी सांगेन तोच लिहायचा. प्रॉमिस?"

"हो हो, प्रॉमिस."

जिंकल्यावरही रुसायचं म्हणजे कमाल आहे. आईवर गेली आहे.

२९ जून, रविवार

अर्लकडे गेलो होतो. शेडमध्ये पडला, कंबरेचं हाड मोडलं. आता केअर होममध्ये असतो. खोलीत एक पलंग, एक खिडकी आणि भिंतीवर पांढरा बोर्ड. त्यावर रोज सकाळी नर्स तारीख, वार आणि स्वतःचं नाव लिहून जाते.

माणसाला बोलायला कोणी नाही, त्यामुळे बोलत सुटला. महायुद्ध संपल्यावर विमानतळांच्या पट्ट्या ओस पडल्या होत्या, पोरांच्या हातात सैन्यात शिकलेली कारागिरी होती, आणि भंगारात गाड्या; त्यातून हा खेळ निघाला. हा त्या मंडळींच्या नंतरचा, पण यानं सुरुवात केली तेव्हाही दिव्यांचा खांब नव्हता. दोन गाड्यांच्या मधोमध एक माणूस झेंडा घेऊन उभा राहायचा आणि झेंडा वर करताना उडी मारायचा. अर्लच्या मते तेव्हा शर्यत निम्मी त्या माणसाच्या खांद्याकडे बघून जिंकता यायची. मग दिवे आले आणि ती विद्या वाया गेली. दिव्यांतही मेख आहे. पिवळे दिवे ओळीनं लागतात, शेवटी हिरवा. हिरवा दिसल्यावर निघालं तर उशीर झालेला असतो. शेवटच्या पिवळ्यालाच सुटायचं. जरा आधी सुटलात तर लाल दिवा, खेळ खलास.

सगळ्यात वेगवान गाड्यांमध्ये पूर्वी इंजिन पुढे आणि ड्रायव्हर त्याच्या मागे, थेट मागच्या चाकांपलीकडे बसायचा. काही फुटलं की सगळं अंगावर. एकाचा अर्धा पाय गेला, तर त्यानं हॉस्पिटलात पडल्या पडल्या इंजिन मागे टाकायची आकृती काढायला घेतली. सगळे म्हणाले, अशी गाडी सरळ जाणारच नाही. वर्षाच्या आत ती जिंकायला लागली आणि मग सगळ्यांचीच इंजिनं मागे गेली. पाय गेला तरी माणसाला पुढची गाडी सुचते, आणि माझी नुसती नोकरी गेली तर मला सकाळी दाढी करायला सुचत नाही.

निघताना त्यानं स्वतःचंही सांगितलं. अडुसष्ट साली तो एल्म फोर्कच्या सीझन फायनलमध्ये होता. आदल्याच आठवड्यात मिस लॉरेन ११.३१ पळाली होती, तिच्या आयुष्यातला सर्वांत चांगला वेळ. आणि फायनलला यानं घाई केली, लाल दिवा लागला. टॉवरमध्ये लाकडी फळीवर प्रत्येक वर्षीच्या विजेत्या गाडीचं नाव रंगवलेलं आहे. मिस लॉरेनचं नाही. "ती हरली नाही," अर्ल म्हणाला, "मी हरलो."

२६ जुलै, शनिवार

एल्म फोर्क बंद होणार. देशभर अशा पट्ट्या एकेक करून मिटतायत, घरं होतात, गोदामं होतात. इथली जागा डेटा सेंटरवाल्यांनी घेतली. ज्या धंद्यात मी तीस वर्षं भाकरी खाल्ली, तोच धंदा. टॉवरखाली हे बोलत उभ्या असलेल्या लोकांत मी मान खाली घालून उभा होतो.

२० सप्टेंबरला शेवटची फायनल. त्यानंतर फळीवर नाव चढणार नाही, कारण फळीच राहणार नाही. पॉइंटमध्ये अनिका वर आहे. आज पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर पाहिलं की तिला हे किती हवंय. म्हणाली, "अर्ल हयात असताना ते नाव तिथे पाहिजे बाबा. एकदाच." आणि चाकांची हवा बघायला वाकली.

मलाही हवंय. नोकरी, इंटरव्ह्यू सगळं बाजूला, एवढं एक व्हावं.

२३ ऑगस्ट, शनिवार

दोन मुलाखती झाल्या. दोन्हीकडे समोर आमच्या अनिकापेक्षा लहान पोरं होती आणि दोन्हीकडून 'वी विल बी इन टच' आलं. काउन्सेलर बाई म्हणाल्या, तुम्ही स्वतःला कमी लेखून बोलता. मी म्हटलं, आमच्यात त्याला संस्कार म्हणतात.

आज ट्रॅकवर असताना अ‍ॅशबर्नहून नेत्राचा फोन आला. नेत्रा म्हणजे मीनाक्षीची धाकटी बहीण. तिच्या मुलाला कुठली तरी मोठी स्कॉलरशिप मिळाली, ते सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "आणि अनिका काय म्हणते? रेसबिस जिंकते म्हणे!"

"अगं कसलं काय, छंद आहे. एखादी लागते नशिबानं," मी म्हणालो. आपल्या तोंडानं काय सांगायचं? दृष्ट लागायला वेळ लागत नाही.

मागे वळलो तर अनिका पाना हातात घेऊन उभी. मराठी बोलताना ती अडखळते, पण तिला कळतं सगळं. "मावशी?" म्हणाली. मी हो म्हटलं. मग ती इंडियानापोलिसमधल्या एका रेस शॉपबद्दल सांगत होती. त्यांना इंजिन बांधणारं माणूस हवंय आणि त्यांनी तिला बोलावलंय. मी म्हटलं, बघू, घाई नको करूस, आधी फायनल होऊ दे. ती "शुअर" म्हणाली.

२१ सप्टेंबर, रविवार

काल फायनल होती. हरलो. काय आणि कसं ते क्रमानं लिहितो. प्रोजेक्ट फसला की रिपोर्ट लिहावाच लागतो.

माणसं पुष्कळ आली होती. शेवटचा दिवस म्हणून म्हातारे लोक नातवंडांना घेऊन आले होते, रस्त्यावरच्या रबराचे तुकडे खरवडून खिशात घालत होते. अर्लला डॉक्टरांनी सोडलं नाही. मीनाक्षी आली होती, पहिल्यांदाच, थालीपिठांचा डबा आणि घडीची खुर्ची घेऊन.

पहिल्या फेऱ्या उन्हात झाल्या. अनिकानं सांगितलं ते मी लिहिलं, ११.४२, ११.४१. प्रॉमिस पाळलं. एकेक करत ती फायनलला पोचली. समोर विस्कॉन्सिनचा एक डेंटिस्ट, त्याची गाडी हिच्याहून पुष्कळ वेगवान.

फायनलला सूर्य खाली आला आणि एकदम गार झालं. गार हवेत इंजिनाला जोर येतो, हे मलाही एव्हाना माहीत होतं. अनिकानं हात बाहेर काढून हवेत धरला, मग माझ्याकडे पाहून ओरडली, "११.२७!"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी बोटांनी विचारलं. तिनं मान हलवली. २७.

आता माझी बाजू. ही गाडी उभ्या आयुष्यात ११.३१ च्या खाली गेलेली नाही. अर्लच्या हातातही नाही. पोरगी फायनलच्या भरात आहे, आई खुर्चीत बसलीय, लोक ओरडतायत. ११.२७ लिहिलं आणि गाडीला नाही जमलं तर? सत्तर वर्षांच्या यंत्राला तिनं त्या आकड्यासाठी रेटलं आणि काही तुटलं तर? मी ११.४० लिहिलं. दुपारपासून तेच चाललं होतं. शिवाय जूनमध्ये तिनं पलीकडचा बोर्ड बघून पाय काढला होताच, तसा आजही काढेल. खिडकीशी जाऊन सांगणार होतो, पण रांग पुढे सरकली आणि रेस सोडणाऱ्या माणसानं हात केला. मी अंगठा वर केला. तिनंही केला.

चाकं तापवली. धूर निवळला. मी समोर उभा राहून तिला तिच्याच काळ्या पट्ट्यांवर मागे आणलं, इंचभरही इकडेतिकडे नाही. तिचे डोळे माझ्या हातांवर होते. मग मी बाजूला झालो.

अशी सुटताना मी तिला कधी पाहिली नव्हती. पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली गेली आणि गाडी रेघ मारल्यासारखी सरळ गेली. डेंटिस्ट मागाहून सुटला, पण तो पोचण्याआधी ती पलीकडे होती. मीनाक्षी खुर्चीवर उभी राहून ओरडत होती. आणि विजयाचा दिवा डेंटिस्टच्या बाजूला लागला.

लाउडस्पीकरवरचा माणूस म्हणाला, मिस लॉरेन, ११.२७. काचेवर ११.४०. बाद.

तिच्या बाजूचा पलीकडचा बोर्ड पंधरवडाभर बंदच होता, हे मला नंतर कळलं. पाडायचाच आहे म्हणून कोणी दुरुस्त केला नव्हता. पण तिनं तिकडे बघितलंच नव्हतं. नंतर म्हणाली, "व्हाय वुड आय लुक? यू प्रॉमिस्ड."

एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी बफर, हवा, जुनं यंत्र, सगळं सांगितलं. ती दोर आवळून गाडी ट्रेलरवर बांधत होती. शेवटी मी सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "इट्स फाइन, बाबा." परतीच्या वाटेवर ती तिच्या ट्रकमध्ये एकटी गेली.

हात दाखवून अवलक्षण केलं. चूक झाली, मान्य आहे. पण हेतू वाईट नव्हता. तिला हरण्याचं इतकं लागेल असं वाटलं नव्हतं.

२२ सप्टेंबर, सोमवार

मीनाक्षी आज घटाची तयारी करत होती. मी म्हटलं, अजून रागावलीय का गं ती, हरली म्हणून?

तिनं हातातली परडी खाली ठेवली. "हरली म्हणून?" म्हणाली. "संजीव, तू खरंच एवढा हुशार आहेस का?"

मी विचारलं नाही. बायकोनं पूर्ण नाव घेतलं की विचारू नये.

२४ सप्टेंबर, बुधवार

अर्लला स्वतः जाऊन सांगायला हवं होतं, म्हणून गेलो. सगळा प्रकार सांगितला. माझ्या चुकीनं नाव फळीवर गेलं नाही, मला माफ कर, म्हणालो. ऐकताना त्यानं डोळे मिटले होते, वाटलं झोपला.

"किती पळाली म्हणालास?"

"११.२७."

"आणि पोरीनं किती सांगितलं होतं?"

"११.२७."

म्हातारा हसायला लागला. हसता हसता खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं. नर्स धावत आली. तिला म्हणाला, बोर्डवर लिही. तिला कळेना, तेव्हा मला लिहायला लावलं. तारीख, वार, नर्सचं नाव आणि त्याखाली मोठ्या आकड्यांत ११.२७. पुन्हा पुसून आणखी मोठं लिहायला लावलं.

मी फळीचं पुन्हा काढलं, तर त्यानं माशी हाकलावी तसा हात केला. म्हणाला, गाडी अनिकाची, कागद करून ठेवलेत. मग विचारलं, "तू तिला काय म्हणालास?"

"सॉरी म्हणालो."

"ते नव्हे. ११.२७ ला काय म्हणालास?"

मला प्रश्न कळला नाही. दुखण्यावरची औषधं बरीच चालू आहेत त्याची. थोडा वेळ बसून निघालो.

२८ सप्टेंबर, रविवार

अनिका इंडियानापोलिसला जातेय. नोकरी घेतली. हे तिनं आईला सांगितलं आणि आईनं मला. दसऱ्याला सकाळी निघणार, गाडी बरोबर नेणार. मीनाक्षी म्हणाली, सीमोल्लंघनाचा मुहूर्त चांगला आहे. मी म्हटलं, मिनेसोटाची सीमा ओलांडायला मुहूर्त कशाला लागतो. कोणी हसलं नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज काउन्सेलर बाईंनी मुलाखतीची तालीम घेतली. म्हणाल्या, या वर्षातली अभिमान वाटावी अशी एक गोष्ट सांगा, आणि कमी करून सांगू नका.

नोकरीतलं सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. माझी मुलगी, म्हणालो, एक सत्तर वर्षांची गाडी चालवते. तिनं हवेत हात धरला आणि ही गाडी आज किती पळेल ते सांगितलं. जन्मात कधी एवढी पळालेली नव्हती. आणि मग तिनं ती तेवढीच पळवली, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत तंतोतंत. असं मी कुठल्या इंजिनिअरला करताना पाहिलं नाही. बोलताना माझा आवाज चढला होता, हातवारे करत होतो.

बाई म्हणाल्या, वाव.

आणि मी गप्प झालो. कारण हे मी पहिल्यांदाच बोलत होतो, आणि बोलत होतो कोणाशी, तर या बाईशी. त्या संध्याकाळी अनिका गाडीतून उतरली तेव्हा तिच्या हातात वेळ छापून मिळते ती ११.२७ ची चिठ्ठी होती. मी ती पाहिलीसुद्धा नाही. मी तिला बफर समजावत होतो.

तिला हरण्याचं लागलंच नव्हतं. तिनं सांगितलेला आकडा ऐकून तिच्या बापानं दुसरा लिहिला, आणि तो त्यानं तिच्याच काचेवर, सगळ्यांना वाचता येईल असा लिहिला. अर्ल शुद्धीवर होता. मीच नव्हतो.

उद्या सकाळी सांगतो. काच पुसून ११.२७ लिहितो आणि सांगतो.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

ती काल संध्याकाळीच ट्रक आणि उघडा ट्रेलर घेऊन आली होती, झोपायला आमच्याकडे. सकाळी मीनाक्षीनं परसातल्या झेंडूची माळ मिस लॉरेनच्या त्या वर उचललेल्या नाकाला बांधली, कुंकू लावलं. आपटा इथे मिळत नाही. तशाच जोडपानाची कुठली तरी पानं ती दर वर्षी शोधून आणते. अनिकानं लहानपणीसारखं वाकून दोघांच्या हातावर पान ठेवलं. "सोनं घ्या," म्हणाली, तिच्या त्या अमेरिकन 'स' नं.

मी काच पुसायचा स्प्रे, फडकं आणि पॉलिशची बाटली घेऊन ट्रेलरवर चढलो. मागच्या काचेवर ११.४० तसाच होता.

"बाबा, डोंट."

"अगं, पुसून टाकतो. आणि तो ११.२७..."

"राहू दे." खाली उभी राहून ती माझ्याकडे बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं. "तिची एल्म फोर्कची शेवटची रेस आहे ती. जशी झाली तशी राहू दे."

"अनिका, तू त्या दिवशी..."

"बाबा, आय नो. इट्स ओके. झालं ते." तिनं हात दिला आणि मला खाली उतरवलं. मिठी मारली, पाठीवर थोपटलं. मोठी माणसं लहानांना थोपटतात तसं. मी काय सांगणार होतो ते तिनं विचारलं नाही, आणि मी धरून बसवून सांगितलं नाही. का नाही सांगितलं? पोरीला निघायची घाई होती, उजाडून ऊन आलं होतं, आईनं डब्याची पिशवी पुढे केली होती. या सगळ्या सबबी आहेत. सत्तावीस वर्षं न बोललेलं वाक्य तोंडात बसत नव्हतं, हे खरं.

ड्राइव्हवेतून ट्रेलर उलटा बाहेर काढायचा होता. मी गॅरेजच्या दारापुढे तिच्यासमोर उभा राहिलो आणि हातांनी खुणा केल्या. डावीकडे. थोडं उजवीकडे. बस्स. ती शेवटपर्यंत माझ्या हातांकडे बघत होती. तेवढं मला येतं, तिला जिथे होती तिथे परत आणणं.

मग ती सरळ झाली आणि निघाली. मी रस्त्यावर आलो. गाडीची मागची काच माझ्याकडे होती. माझं अक्षर चांगलं आहे, मोठं आणि सुवाच्य. कोपऱ्यावर वळेपर्यंत मला ११.४० वाचता येत होता, आणि इंडियानापोलिसपर्यंत मागून येणारा प्रत्येक माणूस तो वाचणार होता.

मीनाक्षी शेजारी येऊन उभी राहिली. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "किती वाजता पोचेल रे? सहा म्हणत होती. आठ धरू ना?"

दर वेळी मीच दोन तास वाढवून सांगतो, म्हणून तिनं तसं विचारलं.

"सहा," मी म्हणालो. "ती सहा म्हणालीय ना? मग सहाला पोचेल."

मीनाक्षीनं माझ्याकडे वळून पाहिलं. "अरे, हे तिच्यासमोर बोलायचं होतंस."

बोलायचं होतं. मी खिशातून फोन काढला, तिचं नाव काढलं, आणि ती गाडी चालवत असेल म्हणून परत ठेवला.